उंबरटेकच्या चढाची जीप

भोरगावच्या दूध संस्थेत नंदिनीला रोज सकाळी आठ वाजता एक काम करावं लागे आणि ते तिला मुळीच आवडत नसे. उंबरटेकहून आलेल्या प्रत्येक कॅनमधलं थोडं दूध ती काचेच्या नळीत घ्यायची, स्पिरिटच्या दिव्यावर धरायची आणि वाट बघायची. चांगलं दूध फेसाळून वर चढतं. आंबायला लागलेलं दूध मधेच थांबतं आणि काचेला कण्या धरतं. कण्या दिसल्या की रजिस्टरात त्या बाईच्या नावापुढं 'खराब' लिहायचं. गेल्या ऑक्टोबरच्या उन्हात झुंबरबाईच्या नावापुढं तिनं नऊ वेळा 'खराब' लिहिलं होतं. झुंबरबाई एकदाही भांडली नाही. कॅन उचलून नळावर न्यायची, उपडा करायची, धुवायची आणि अकरा किलोमीटरचा चढ पुन्हा चढायला लागायची.

उंबरटेक म्हणजे डोंगराच्या खांद्यावरची अठरा घरांची वाडी. दूध चांगलं, फॅट सातच्या वर. पण संध्याकाळचं दूध रात्रभर घरात ठेवून, सकाळच्या दुधाबरोबर डोक्यावर घेऊन बायका खाली यायच्या, तोवर ते हातचं जायचं. डिसेंबरात संचालकांची बैठक झाली आणि चेअरमन बाळासोंनी सांगून टाकलं, "एक जुनी जीप घेऊन बघायची. रोज दोन खेपा. जमलं तर जमलं. पुढच्या उन्हाळ्यातबी दूध फाटायला लागलं, तर उंबरटेकचं दूध बंद. संस्था कुणाची मावशी न्हाय."

जीप निवडायचं काम नंदिनीकडं आलं, कारण ती बी.एस्सी. होती. तिचा विषय रसायनशास्त्र होता आणि तिला सायकलीपलीकडं काही चालवता येत नव्हतं, या गोष्टीचा बैठकीत कुणी विचार केला नाही. तिच्याबरोबर केरबाला धाडायचं ठरलं. केरबा उंबरटेकचाच. पंधरा हंगाम त्यानं गुऱ्हाळावरची डिझेल इंजिनं सांभाळली होती आणि जीप तोच चालवणार होता. तिसरी झुंबरबाई. तिला कुणी सांगितलं नव्हतं, ती आपणहून आली. केरबाची ती भावजय, आणि कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशी घेऊन उभा राहणारा पिराजी तिचा सख्खा भाऊ. मुक्कामाची सोय त्याच्याकडं झाली.

शिवाजी उद्यमनगरात अंबादास मिस्त्रीचं गॅरेज होतं. सरकारी लिलावातल्या जुन्या पेट्रोल जीप घ्यायच्या, पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवायचं आणि विकायच्या, हा त्याचा धंदा. दारात दोन हिरव्या जीप उभ्या होत्या.

"दोन्ही एकाच लिलावातल्या," मिस्त्री म्हणाला. "साल एक, टायर एक, हुड एक. हिच्यात ट्रॅक्टरचं इंजिन घातलंय आणि तिच्यात छोट्या व्हॅनचं. तुमाला काय पायजे ते उचला."

नंदिनीला मनातून आनंद झाला. प्रयोगशाळेत एवढी सोय क्वचित मिळते. सगळं सारखं आणि फरक एकच, तोही बॉनेटखाली.

"सकाळपासून चालू केल्यात का?" तिनं विचारलं.

"छ्या. तुमची वाट बघत उभ्या हायत."

तिनं पिशवीतून दुधात बुडवायचा थर्मामीटर काढला, मिस्त्रीला रेडिएटरचं झाकण उघडायला लावलं आणि पारा चढेपर्यंत उभी राहिली. "बाहेर सव्वीस आहे. पाण्यात अठ्ठावन्न."

केरबा फसकन हसला. मिस्त्री जराही शरमला नाही. "आवो ताई, पावणं यायचं म्हटल्यावर पोरीला तोंड धुवून बसवतात का न्हाय? तसंच हाय हे."

"उद्या सकाळी सहाला येतो. तोंड न धुता बसवा."

दुसऱ्या दिवशी सहाला उद्यमनगरात पारा चौदावर होता. व्हॅनच्या इंजिनाला आधी हीटर लागायचा. मिस्त्रीनं बटण दाबून ठेवलं, नंदिनीनं घड्याळात पंचवीस सेकंद मोजले, मग इंजिन पांढरा धूर सोडत, खोकत सुरू झालं. थोड्या वेळात आवाज गुळगुळीत झाला. ट्रॅक्टरच्या इंजिनाला हीटर नव्हताच. स्टार्टर दोनदा फिरला आणि ते धडाडा उठलं. बॉनेट, आरसे, समोरची काच, सगळं आपापल्या तालात थरथरायला लागलं.

केरबाचा चेहरा उजळला. "आमच्या गुऱ्हाळाचाच आवाज. ह्याचं पोट उघडलं तर आत काय आसंल ते मला झोपेत दिसतंय."

"आवाजावरून इंजिन घेत नसतात, अण्णा."

"मग कशावरनं घेत्यात?"

"आकड्यांवरून."

त्या आकड्यांची तिनं चांगली तयारी केली होती. उंबरटेकचं दूध एका वेळी साधारण एकशेसाठ लिटर, म्हणून चाळीस लिटरचे चार मोठे कॅन तिनं पाण्यानं भरून घेतले. दूध पाण्यापेक्षा शंभराला तीन या मानानं जड, तेव्हा तो फरक भरून काढायला तिनं पावणेपाच किलोचा एक दगड शोधला, कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडून तोलून घेतला आणि कॅनशेजारी ठेवला. टाकीची नळी काढून सलाइनच्या बाटलीत सोडली. बाटलीवर तिनं आदल्या संध्याकाळीच पट्टी चिकटवून रेघा मारल्या होत्या.

"इंजिनाकडनं परत येणारी नळीही बाटलीतच सोडा," ती मिस्त्रीला म्हणाली. "उरलेलं डिझेल टाकीत गेलं तर आकडा खोटा येईल."

मिस्त्रीनं पाना खाली ठेवून तिच्याकडं नीट बघितलं. "हे कुठल्या कॉलेजात शिकवत्यात?"

"कुठल्याच नाही. नळी बघितली की कळतं."

दिवसभर त्यांनी आधी एक जीप आणि मग दुसरी पन्हाळ्याला नेली. मागच्या बाकावर झुंबरबाई कॅनला धरून बसायची. तिला कुणी धरायला सांगितलं नव्हतं, पण दूध आणताना कॅनवर हात ठेवायची सवय जात नव्हती. पुढं नंदिनी वहीत लिहीत होती. सपाटीवर व्हॅनचं इंजिन लिटरला दीड किलोमीटर जास्त द्यायचं आणि आवाजही कमी. पण वाघबीळ सोडून चढ लागला की ते दमायचं. केरबाला दुसरा गियर टाकावा लागे आणि पाय दाबून ठेवावा लागे. ट्रॅक्टरचं इंजिन त्याच वळणावर तिसऱ्या गियरमध्ये, घाई न करता, बैलानं मोट ओढावी तसं वर जायचं. चढावर त्याला डिझेलही कमी लागलं. उंबरटेकचा रस्ता म्हणजे नुसता चढ. शिवाय वाडीवर वीज नव्हती. बॅटरी बसली तर हीटर तापणार कसा, आणि हीटर नाही तर पहाटे पाचला थंडीत व्हॅनचं इंजिन उठणार कसं? ट्रॅक्टरचं इंजिन बॅटरी मेली तरी उतारावर ढकलून सुरू होणार होतं. बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस प्रत्येक गुऱ्हाळावर बसलेला होता.

संध्याकाळी पिराजीच्या दारात बसून तिनं पानभर अहवाल लिहिला आणि दोघांना वाचून दाखवला. 'सबब, ट्रॅक्टरचे इंजिन असलेली जीप घ्यावी.'

"हे मी बैठकीतच म्हणालतो," केरबा म्हणाला. "दोन दिस आनि ती बाटली वाया."

"तुम्ही म्हणाला होता. आता सिद्ध झालं."

झुंबरबाई उजव्या हाताची बोटं चोळत बसली होती. "पोरी, एक इचारू का? तू पानी का नेलंस?"

"वजनासाठी, मावशी. दुधाइतकंच वजन व्हावं म्हणून तो दगडही घेतला."

"वजन बरूबर आसंल. तू शिकल्याली हायस. पर आमाला पानी न्हाय न्यायचं." तिनं हात पुढं केला. "त्या ट्रॅक्टरवाल्या गाडीत कॅनवर हात ठिवून बसली, तर हाताला आजून मुंग्या हायत. एवढं हलल्यावर दुधाचं काय हुईल?"

नंदिनीनं वही उघडून पानं चाळली. वहीत तिनं डिझेल मोजलं होतं, अंतर मोजलं होतं, तापमान मोजलं होतं, एका दगडाचं वजन ग्रॅमपर्यंत मोजलं होतं. दूध मोजायचं राहिलं होतं. आणि ती दूध संस्थेत दूध तपासायची नोकरी करत होती.

"केरबाअण्णा," ती म्हणाली, "उद्या पुन्हा पन्हाळा."

"ह्या बाईनं मला वाडीत जाऊ द्यायचं न्हाय ठरवलंय," केरबा भावजयीकडं बघून म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी गंगावेशीत नेहमीसारखी गर्दी होती. तालमीतून आलेली पोरं म्हशीखालचं कोमट दूध पेल्यातनं पिऊन मिशा पुसत होती. पिराजीनं तीन म्हशींचं दूध एकत्र ओतून दिलं. नंदिनीनं त्यातलं थोडं नमुन्याच्या बाटलीत बाजूला ठेवलं आणि बाकीचं दोन छोट्या कॅनमध्ये अर्धं अर्धं भरलं. उंबरटेकच्या बायका असेच कॅन आणायच्या. प्रत्येकीचा आपला वेगळा, वीस लिटरचा, त्यात आठ-दहा लिटर दूध. एकीचं दूध दुसरीच्या दुधात मिसळायचं नाही, हा वाडीचा जुना नियम होता. भाव फॅटवर मिळायचा, आणि शेजारणीनं पाणी घातलं असेल तर आपण का भोगायचं, असा त्यामागचा हिशेब.

एक कॅन ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या जीपमध्ये आणि दुसरा व्हॅनच्या. एक जीप केरबानं चालवली, दुसरी मिस्त्रीनं. दीड तासात दोघं पन्हाळ्याचा चढ चढून परत आले. गॅरेजच्या दारात नंदिनीनं आधी व्हॅनच्या जीपमधलं झाकण उघडलं. आत दूध, वर थोडा फेस. मग दुसरं उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या कण्या चिकटल्या होत्या आणि कडेनं बोटभर जाडीचा पांढरा गोळा तरंगत होता.

केरबानं बोट घालून चाखलं. "लोणी हाय," तो म्हणाला.

गॅरेजच्या बाकावर नंदिनीनं फॅट काढलं. हातानं फिरवायचं यंत्र तिनं भोरगावहून बरोबर आणलं होतं. सकाळचा नमुना सात पूर्णांक दोन. व्हॅनच्या जीपमधलं दूध सात पूर्णांक एक. ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या जीपमधलं सहा पूर्णांक तीन. या आकड्यानं उंबरटेकच्या प्रत्येक बाईचं दूध फाटलं नसतं, पण रोज स्वस्त झालं असतं. आणि लोणी कॅनच्या झाकणाला राहिलं असतं.

"रबरं बदलून देतो," मिस्त्री म्हणाला. "पर खरं सांगतो, हे इंजिन हलणारच. शेतात हलायला जागा आसती म्हणून त्याला तसंच घडवलंय."

नंदिनीनं अहवालाचं पान फाडलं. व्हॅनचं इंजिन घ्यायचं, तर दूध नीट येणार पण पहाटे जीपच उठली नाही तर ते वाडीतच पडून फाटणार. ट्रॅक्टरचं घ्यायचं, तर दूध वेळेवर येणार पण अर्धं लोणी होऊन. चैत्र यायला तीन महिने होते. चुकीची जीप घेतली तर पुढच्या उन्हाळ्यात रजिस्टरात 'खराब' पुन्हा तिलाच लिहावं लागणार होतं, आणि त्यानंतर उंबरटेकच्या नावाचं पानच राहणार नव्हतं.

ती बाकावर बसून राहिली. समोर झुंबरबाई पाण्यानं तो कॅन धूत होती आणि लोण्याचा गोळा वाया जाऊ नये म्हणून तिनं तो वाटीत काढून ठेवला होता.

"मावशी," नंदिनी म्हणाली, "तुम्ही ताक करता तेव्हा डेरा किती भरता?"

"निम्मा. लई तर निम्म्याच्या वर चार बोटं."

"पूर्ण भरला तर?"

"पूर्ण भरून कुणी ताक करतंय व्हय? आत हलायला जागाच न्हाय, लोणी धरायचं कसं? सासूनं मला पयल्याच दिवशी..." झुंबरबाईचा हात कॅनमध्येच थांबला. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या.

संध्याकाळच्या धारेचं दूध घेऊन त्यांनी दहा लिटरचा एक कॅन काठोकाठ भरला, एवढा की झाकण दाबताना दूध बाहेर आलं. ट्रॅक्टरच्या इंजिनाची जीप तिसऱ्यांदा पन्हाळ्याला गेली. परत आल्यावर झाकण कोरडं नव्हतं, पण स्वच्छ होतं. नेताना सात पूर्णांक एक, आणल्यावर सात पूर्णांक एक. नंदिनीनं पुन्हा काढून बघितलं. तेच.

"झालं की," केरबा म्हणाला. "गाडी माझी."

"झालं नाही," नंदिनी म्हणाली. "रोज कमी-जास्त निघणाऱ्या दुधानं प्रत्येकीचा कॅन काठोकाठ भरणार नाही. अठरा घरांचं दूध चार मोठ्या कॅनमध्ये एकत्र ओतावं लागणार."

केरबानं मान हलवली. "मग इसरा. धोंडुबाईच्या दुधात आमच्या वैनी दूध ओततील व्हय? चौदा वर्सं झाली, दोघी एका आडावर एका येळंला पानी भरत न्हाईत."

"ती पानी घालती," झुंबरबाई म्हणाली. "अख्ख्या वाडीला ठावं हाय."

"बघितलंय तुम्ही घालताना?"

"बघायला कशाला पायजे? तिच्या म्हशीला बघितलंय."

नंदिनीनं नमुन्याची बाटली तिच्यापुढं ठेवली. औषधाची असते तेवढी छोटी. "ओतायच्या आधी प्रत्येकीचं एवढंच दूध वेगळं घ्यायचं. ही बाटलीही काठोकाठ भरायची, बूच घालायचं. कुणाचं दूध किती ते मापानं लिहायचं. फॅट मी या बाटलीवरून काढीन. पाणी घातलं असेल, तर जिनं घातलं तिलाच भाव कमी."

"लिवणार कोन? मला लिवाय येत न्हाय."

"माप अण्णा लिहितील. बाटलीला रंगीत दोरा बांधायचा, प्रत्येकीचा वेगळा."

"आनि कुणी बाटलीत चांगलं घातलं आनि कॅनात पाण्याचं?"

"ते कसं रोखायचं मला सुचत नाही," नंदिनीनं सांगून टाकलं.

झुंबरबाई भिंतीला टेकून बसली. वाटीतलं लोणी तिनं पिराजीच्या बायकोकडं सरकवलं, पदरानं हात पुसले. "माझी बाटली धोंडुबाईनं भरायची," ती म्हणाली. "आनि तिची मी. माझ्या कॅनात हात घालून हलवून घेऊ दे तिला. मग कोन काय लबाडी करतंय?"

केरबानं टोपी काढून डोकं खाजवलं. "हे मातूर कुठल्या बाटलीत मोजता येत न्हाय," तो म्हणाला.

जानेवारीत ट्रॅक्टरच्या इंजिनाची हिरवी जीप उंबरटेकला चढली. पहिल्या दिवशी नंदिनी आदल्या संध्याकाळीच वर जाऊन राहिली होती. पहाटे पाच वाजता पारा अकरावर होता. केरबानं चावी फिरवली, इंजिन धडाडा उठलं आणि वाडीतली सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली. त्यानं ते तसंच चालू ठेवलं. नंदिनीला ठाऊक होतं की याची गरज नव्हती. त्याला नुसतं ऐकायचं होतं.

कंदिलाच्या उजेडात बायका एकेक करून आल्या. दोरे बांधलेल्या अठरा बाटल्या फळीवर उभ्या होत्या. झुंबरबाईनं लाल दोऱ्याची बाटली उचलून धोंडुबाईच्या हातात दिली आणि आपल्या कॅनचं झाकण काढलं. धोंडुबाई उंच, हाडकुळी बाई. तिनं बाटलीकडं बघितलं, झुंबरबाईकडं बघितलं, मग पळी कॅनच्या तळापर्यंत घातली, तीनदा ढवळलं, बाटली भरली आणि बूच अंगठ्यानं दाबलं. "घाल आता माझ्यात हात," ती म्हणाली. "चौदा वर्सं घालायचा हुता न्हवं?"

तीन कॅन काठोकाठ भरले. चौथा चार बोटं कमी राहिला. नंदिनी वाकून बघत होती. चार बोटं म्हणजे पाच-सहा लिटरची जागा, तेवढ्यात दूध हलणार. किती लोणी धरेल याचा अंदाज ती मनात मांडायला लागली होती, तोच धोंडुबाई घराकडं गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पितळेची बादली होती. घरच्या चहाला आणि नातवाला म्हणून ठेवलेलं दूध. तिनं ते कॅनमध्ये ओतलं. दूध काठाला आलं, थोडं सांडलं.

"आज कोरा च्या पितो," ती म्हणाली. "लाव झाकण."

साडेसहाला जीप भोरगावात होती. नंदिनीनं चारही कॅनमधलं दूध दिव्यावर धरलं आणि चारही वेळा ते फेसाळून नळीच्या तोंडापर्यंत आलं. झाकणं स्वच्छ होती. मग तिनं अठरा बाटल्यांचं फॅट काढलं, प्रत्येकीच्या मापानं गुणलं, बेरीज केली, भागलं. उत्तर सात पूर्णांक दोन आलं. कॅनमधल्या एकत्र दुधाचंही सात पूर्णांक दोन. तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि ते दोन आकडे थोडा वेळ नुसते बघत बसली. वाटेत काही हरवलं नव्हतं आणि वाडीत कुणी खोटं बोललं नव्हतं.

झुंबरबाई जीपमधून खाली आली होती, मुद्दाम. ती टेबलापाशी उभी राहिली. "लाल दोरा किती?"

"सात पूर्णांक तीन."

"आनि निळा?" निळा दोरा धोंडुबाईचा.

नंदिनीनं वही तिच्याकडं फिरवली, मग तिला वाचता येत नाही हे आठवून पुन्हा आपल्याकडं घेतली. "सात पूर्णांक सहा."

झुंबरबाईनं निळ्या दोऱ्याची बाटली उचलून उजेडात धरली. नळ वाहत होता, पण आज त्याच्याखाली उपडा करायला कॅन नव्हता.

"सरकी जास्त घालत आसंल म्हशीला," ती म्हणाली. "इचारलं पायजे, कुठनं आणती."

बाहेर केरबानं हॉर्न वाजवला. झुंबरबाई पदर खोचत जीपकडं निघाली. अकरा किलोमीटर चढायला तिला आता पाय लागणार नव्हते. नंदिनीनं रजिस्टर उघडलं, उंबरटेकच्या पानावर आजची तारीख घातली आणि अठरा नावांपुढं एकेक करून, अक्षर नीट काढत, 'चांगले' लिहायला घेतलं.